पाण्याखालचें अंतर

रस्त्याच्या कडेला मैलाचे दगड असतात. समुद्रांत ते नाहींत. मग आपण किती दूर आलों हें खलाशानें ओळखावें कसें? विल्यम बोर्न या इंग्रज लेखकानें १५७४ सालीं छापलेल्या ग्रंथांत एक युक्ति वर्णिली आहे. दोरीला बांधलेली लांकडी फळी पाण्यांत सोडावयाची आणि ठराविक वेळांत किती दोरी सुटली तें पाहावयाचें. पुढें त्या दोरीला सारख्या अंतरावर गांठी मारूं लागले. जहाजाचा वेग आजहि ‘नॉट’मध्यें, म्हणजे गांठींत, सांगतात तो यामुळेंच. वेगास काळानें गुणिलें कीं अंतर निघे.

या रीतींत एक उणीव होती. फळी पाण्यावरच तरंगणार. तें पाणीच वाहत असेल तर दोरीला त्याचा पत्ता नसे. अशा अंदाजांवर विसंबणें किती धोक्याचें, तें २२ ऑक्टोबर १७०७ रोजीं दिसलें. स्वस्थानाचा अंदाज चुकून ॲडमिरल शॉव्हेल यांच्या आरमारांतील चार जहाजें सिली बेटांच्या खडकांवर फुटलीं आणि हजारावर माणसें बुडालीं.

१९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो व गान्यां यांनीं पाठीवरील नळकांड्यांतून श्वास घेण्याचें यंत्र सिद्ध केलें, आणि हाच प्रश्न पाण्याखालीं उतरला. तेथें डोळेहि फसवितात. चार मीटरांवरचा खडक तीन मीटरांवर भासतो. म्हणून पाणबुड्या आपल्या पायांचेंच माप करितो. तळाशीं ३० मीटरांची दोरी ताणून तो नेहमींच्या संथ गतीनें पोहून जातो आणि पायांचे फेर मोजतो. उजवा व डावा मिळून एक फेर. ते ४० भरले, तर एका फेरास पाऊण मीटर. दिशा होकायंत्र सांगतें.

परंतु फळीचा जुना दोष येथेंहि आहेच. अर्ध्या नॉटचा प्रवाह मिनिटाला सुमारें १५ मीटर वाहतो, आणि संथ पोहणाराहि साधारण तितकाच पुढें जातो. अशा प्रवाहाविरुद्ध त्यानें शंभर फेर मारले, तर हिशेबांत ७५ मीटर जमा होतात. प्रत्यक्षांत तो जागचा हललेला नसतो. पाठीवरची हवा मात्र सरत असते.

यासाठीं जाणता पाणबुड्या प्रथम प्रवाहाविरुद्ध जातो, परतीपुरती हवा राखतो आणि अधूनमधून तळाच्या खडकाकडे पाहतो. फेरांची संख्या श्रम सांगते. अंतर झालें कीं नाहीं, तें स्थिर खडकावरूनच कळतें.