खुर्चीचा तंटा

मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमचा इतिहास लोक धावांत सांगतात. मी पडलो शाळामास्तर; बाकावरच्या जागेवरून जुंपलेली भांडणे रोज मिटवणारा. मला तो खुर्च्यांत दिसतो.

मूळ जागा समुद्राची. बॅकबेच्या भरावातली ९०,००० चौरस यार्ड जमीन क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने यार्डामागे १३.५० रुपये दराने घेतली. सरकारसाठी पैसा हवा की स्वतःसाठी अमरत्व, असे अँथनी डिमेलोंनी गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांना विचारले म्हणे. लाटसाहेबांनी काय निवडले, ते नावावरून दिसतेच! १९३६ साली कोनशिला बसली आणि १९३७ च्या डिसेंबरात मैदान खुले झाले. जिमखान्यावरच्या शामियान्यांची सवय असलेल्या मुंबईला हे पक्के प्रेक्षागार म्हणजे नवलच. शिवाय क्लबात पोहण्याचा तलाव, टेनिस, बॅडमिंटन, बिलियर्ड्‌स आणि पाहुण्यांना राहायला खोल्या.

पण त्याच हंगामात पंचरंगी सामन्यांतून हिंदूंचा संघ बाहेर राहिला. कारण? नव्या मैदानात वाट्याला आलेल्या जागा कमी पडल्या! मैदान कोरे होते, तंटा मात्र जन्मालाच बरोबर आला होता.

आमचे वडील १९६६ च्या डिसेंबरात बूड टेकण्यापुरत्या जागेत वर्तमानपत्र पसरून बसले होते. चंद्रशेखरने एका डावात ७ बळी घेतले, आणि क्लाइव्ह लॉइड नावाच्या एका चष्मेवाल्या, उंच, नवख्या पोराने ८२ धावा काढल्या. ही हकिगत घरात इतक्यांदा झाली आहे की आईदेखील धावसंख्या चुकत नाही.

पुढे क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात पुन्हा जागांवरूनच बिनसले. संघटनेचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम उठवले, तेही सव्वा वर्षाच्या आत. १९७५ च्या जानेवारीत तिथल्या पहिल्या कसोटीत नाबाद २४२ धावा कुणी काढाव्यात? त्याच लॉइडने! वडिलांनी तो डाव रेडिओवर ऐकला. १९७३ नंतर ब्रेबोर्नवर कसोटीच नव्हती.

ती परतली २००९ च्या डिसेंबरात. मी वडिलांना घेऊन गेलो. सेहवाग २९३ कडे निघाला होता, पण म्हातारा आपली जुनी जागा शोधत होता. ती काही सापडली नाही. शेवटी त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्र काढले, चांगल्या पाठीच्या खुर्चीवर नीट पसरले, आणि मग बसले.