लाइट डिम झाली की गिटार गुरगुरते

पेडल घरीच ठेवा. फोन, इअरफोन, शंभर अ‍ॅम्प्लिफायरांचे आवाज काढणारं ते छोटं खोकं, सगळं ठेवा. जड, गुरगुरता, छातीत बसणारा गिटारचा आवाज हवा म्हणून तुम्ही रात्ररात्र व्हिडिओ बघता, बटणं फिरवता आणि सकाळी पुन्हा ‘तसा येत नाही हो’ म्हणून कुरकुरता. मग चला माझ्याबरोबर. साल १९७३, दिवस गणपतीचे, गाव बऱ्हाणपूर.

सांभाळून उतरा, फलाट ओला आहे. स्टेशन गावाबाहेर लालबागला, गावात जायला टांगा. टांगेवाल्यानं एक माणूस जास्तीचा कोंबलाय आणि त्याच्या मांडीवरचा केळीचा घड तुमच्या बरगडीत रुततोय. घोड्याचा घाम, ओलं गवत, कोळशाचा धूर असा सगळा वास एकदमच नाकात जातो. ताप्ती मिल मागे पडते. शनवारा दरवाजाच्या आत शिरलात की खटक-खटक-खटक सुरू. पावरलूम. आधी वाटतं, एवढ्या गल्लीपुरतंच असेल. गल्ली संपते, आवाज संपत नाही. भिंतीला तळहात लावून बघा, भिंत थरथरते. उघड्या दारांतून कांजीचा आंबूस वास येतो, त्यात मशीनचं तेल मिसळलेलं. माणसं एकमेकांवर ओरडताहेत असं वाटेल. भांडत नाहीत ती, एरवीचंच बोलताहेत.

आणि तुम्ही कोण? तुम्ही ऑर्केस्ट्रातले गिटारवाले. अंगात फुलाफुलांचा शर्ट, खाली बेलबॉटम, तिचा घेर चिखलानं बरबटलेला. हातात कलकत्त्याची गिटार. तिची मान जरा वाकली आहे, तारा पट्टीपासून नको तेवढ्या वर, त्यामुळे दोन गाणी झाली की बोटांची पेरं जळायला लागतात. परदेशी गिटार मासिकातल्या फोटोत बघायची आणि गप्प बसायचं.

रात्री इतवाऱ्यातल्या मंडपात कार्यक्रम आहे. मंडळाचे अध्यक्ष तुम्हाला बाजूला घेतात. “भाऊ, आरती झाली की दोन भक्तिगीतं म्हणा, म्हातारी मंडळी तेवढ्यात उठतील. मग ‘दम मारो दम’ होऊ द्या. सुरुवातीची गिटार मात्र रेकॉर्डवर आहे तश्शी पाहिजे.”

रेकॉर्डवर आहे तश्शी! राहुलदेव बर्मन यांच्या त्या गाण्यात गिटार वाजवली आहे भूपिंदर सिंग यांनी, तीही मुंबईच्या स्टुडिओत. गाणं बिनाका गीतमालेत १९७२ सालात पहिलं आलं, त्यामुळे इथल्या पानवाल्यालाही ती गिटार पाठ आहे. कुठं चुकलात तर तो कात चोळता चोळता सांगेल.

दुपारी तुम्ही साउंड सर्व्हिसच्या मिस्त्रीकडे जाता. दुकान कसलं, जिन्याखालची बोळकांडी. छताला कर्णे उलटे टांगलेले, जमिनीवर वायरींची भेंडोळी, हवेत तापलेल्या राळेचा आणि विडीचा वास. बाहेर पाऊस पत्र्यावर बडवतोय. मिस्त्री लुंगी-बनियनवर, कपाळावर घाम. फळीवर राखाडी लोखंडी पेटी, दिल्लीच्या अहुजा कंपनीचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. उचलून बघा. नाही उचलत ना? आत लोखंडाचे दोन जाडजूड ट्रान्सफॉर्मर आहेत.

मिस्त्री झाकण काढतो. तुम्ही कौतुकानं वाकता, बोट पुढे जातं.

“हाथ मत लगाना! बंद है तो भी मारेगा.”

खरंच मारेल. बटण बंद केलं तरी कपॅसिटरमध्ये चारेकशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. म्हणून जुने कारागीर एक हात खिशात ठेवून काम करायचे. दोन्ही हात आत असले तर धक्का एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जातो, आणि मधे काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. आपल्या मिस्त्रीच्या लुंगीला खिसा नाही. तो डावा हात पाठीवर मुठीत आवळून धरतो आणि उजव्या हातानं, लाकडी मुठीच्या पेचकसानं, आतल्या गोष्टी दाखवत जातो. हे दोन बारके व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, पहिल्यांदा आवाज वाढवतात. पलीकडचे दोन जाडे स्पीकरला जोर देतात. सॉकेट पुसताना तो काचेला फडकं लावतो, उघडं बोट लावत नाही.

बटण दाबलं. काहीच नाही. काचेच्या तळाशी नारिंगी तार उजळते, तरीही काही नाही. तुम्हाला सवय लगेच वाजणाऱ्या यंत्रांची. इथं अर्धा मिनिट थांबावं लागतं, तार तापेपर्यंत. मग कर्ण्यातून बारीक ‘घूं’ येतं आणि तापलेल्या धुळीचा, वार्निशचा गोडसर वास सुटतो. चेहरा जवळ न्या, ऊब लागते.

गिटार लावता. आणि कर्ण्यातून येतो नुसता टिणटिणाट. खर्ज नाही, वजन नाही. कर्ण्याचा दोष नाही, तो मुळात भाषणासाठी आणि आरतीसाठी. मधले सूर तेवढे तो लांबवर फेकतो, खालचे त्याला झेपत नाहीत. भटजींचं ‘केशवाय नमः’ ताप्तीच्या राजघाटापर्यंत स्वच्छ पोचावं, हीच मिस्त्रीची आयुष्यभराची साधना. आवाज कुठं फाटायला लागतो ती खूण त्यानं बटणाजवळ खिळ्यानं ओरखडून ठेवली आहे. त्याच्या पुढं जायचं नाही.

तुम्ही म्हणता, “मिस्त्री, आपल्याला त्या खुणेच्या पुढेच जायचंय.”

तो विडी खाली ठेवतो. “आवाज फाडने का? पैसे देके?”

सांगा त्याला. सांगा की १९६४ साली लंडनमध्ये किंक्स नावाच्या बँडमधल्या डेव्ह डेव्हिस नावाच्या पोरानं आपल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद पात्यानं मुद्दाम चिरला, आणि त्या चिरक्या आवाजातलं गाणं जगभर गाजलं. मिस्त्री ऐकून घेतो आणि कोपऱ्याकडे हात करतो. तिथं बारा इंची स्पीकरची लाकडी पेटी पडली आहे, कुठल्यातरी टॉकीजच्या पडद्यामागून निवृत्त झालेली. कागदाला उंदरानं कुरतडलेली भोकं, त्यांवर सरसानं चिकटवलेले वर्तमानपत्राचे तुकडे. “ये तो भगवान ने ही फाड के दिया है.”

झालं, जुळलं! तो कर्ण्यांच्या तारा सोडवतो आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवरच्या दुसऱ्या, सोळा ओहमच्या टोकांना ती पेटी जोडतो. इथं चुकीच्या टोकाला तार गेली तर ट्रान्सफॉर्मर जळतो, म्हणून तो दोनदा बघतो. गिटारची पिन माइकच्या खोबणीत. माइक बिचारा काही मिलिव्होल्ट देतो, तेवढ्यावर ही खोबण बेतलेली. गिटारचा पिकअप त्याच्या कितीतरी पट देतो. पहिला बारका व्हॉल्व्ह तिथंच गुदमरायला लागतो, आणि आपल्याला तेच हवंय.

इथं जरा शास्त्र ऐकून घ्या, जिलेबी नंतर खाऊ. व्हॉल्व्हला आवाज वाढवायची एक हद्द असते. सूर त्या हद्दीपाशी आला की त्याच्या लाटेचा माथा चेपत जातो, आणि त्या चेपण्यातून मूळ सुराबरोबर वरचे नवे सूर निघतात. आवाज जाड होतो, खरखरतो, लांबतो. ट्रान्झिस्टर याच जागी लाट कडेला कापून टाकतो आणि कानाला बोचतो. व्हॉल्व्ह हळूहळू शरण येतो. वाजवणारे पिढ्यानपिढ्या ज्या आवाजामागे वेडे झाले, तो असा एका सद्गुणी यंत्राला नको ते करायला लावून मिळतो. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात १९६२ साली जो पहिला अ‍ॅम्प्लिफायर बांधला गेला, त्याचा आराखडाही फेंडर कंपनीच्या बासमनवरून उचललेला होता, आणि बासमन साध्या बास गिटारसाठी होता. गर्जना करावी म्हणून तो कुणी बनवला नव्हता.

तरी दुपारी आवाज येतो तो अर्धाच. जाड आहे, पण ताठ. मिस्त्री बटण खुणेच्या पुढं नेतो, आणखी पुढं नेतो. पत्रा थडथडतो, शेजारचा शिंपी शिव्या देत येतो. गुरगुर नाही ती नाहीच.

संध्याकाळी चला मंडपात. ताडपत्रीवर साचलेलं पाणी पोरं बांबूनं ढकलताहेत, ते नेमकं तुमच्या मानेवर सांडतं. कापूर, झेंडू, ओल्या कपड्यांची कुबट ऊब, आणि समोरच्या कढईतून मावा जिलेबीचा तुपाचा वास. घ्या एक, बोटं पुसून घ्या मात्र, तारांना पाक लागला तर मिस्त्री मारेल. एका बाजूला बायका, पोरं त्यांच्या मांडीवर झोपलेली. भिंतीवर, ओट्यावर, हातगाडीवर माणसंच माणसं. कुणाची तरी कोपरं सतत तुमच्या पाठीत.

आरती होते. म्हातारी मंडळी उठत नाहीत. उलट पुढं सरकून बसतात.

आणि मग लाइट डिम होते. गावभराचे दिवे, मंडप, शिवाय चालू असलेले माग, सगळ्यांचा भार एकाच वेळी. मंडपातले बल्ब पिवळ्याचे तांबूस होतात, पंख्याची पाती मोजता येतात. मिस्त्रीचा मीटर २३०वरून १७०वर येतो. तो कपाळावर हात मारतो, त्याच्या दृष्टीनं कार्यक्रम संपला.

तुम्ही तार छेडा. आता छेडा!

ऐकलंत? जाड्या व्हॉल्व्हना लागणारं व्होल्टेज खाली आलं, म्हणजे त्यांची हद्दच खाली आली. आवाज तेवढा मोठा नाही, पण सगळाच्या सगळा गुरगुरतोय. खालची तार पायाखालच्या फळ्यांतून पोटऱ्यांत चढते. जोरात मारलंत तर सूर आधी दबतो आणि मग आपला आपण वर उठतो, बोटाखाली तार ओढल्याचा भास होतो. तुम्ही पेटीकडे तोंड करता आणि सूर थांबायचंच नाकारतो, ‘ऊंऊं’ करत राहतो. पुढच्या रांगेतले आजोबा कानातला अत्तराचा बोळा आणखी आत ढकलतात, पण उठत नाहीत. पोरांनी शिट्ट्यांनी मंडप डोक्यावर घेतलाय. पानवाल्यानं मान डोलावली, म्हणजे पास.

पाच वर्षांनी, १९७८ साली, अमेरिकेत एडी व्हॅन हेलन नावाच्या पोराची पहिली रेकॉर्ड येईल आणि गिटारवाले त्याचा आवाज आला कुठून म्हणून डोकी फोडतील. त्यानं काय केलं होतं? आपला मार्शल अ‍ॅम्प्लिफायर व्हॅरिअ‍ॅकवर लावून व्होल्टेज खाली आणलं होतं, १२०च्या जागी ९०च्या आसपास. व्हॅरिअ‍ॅक म्हणजे आपल्याकडचा डिमरस्टॅट. हिशेब करा: १२०चे ९० आणि २३०चे १७०, प्रमाण जवळजवळ तेच. त्याला त्यासाठी यंत्र लागलं. बऱ्हाणपुरात विद्युत मंडळ तेच काम रोज संध्याकाळी फुकट करून देत होतं, वर लोकांच्या शिव्या खात होतं. टोन बोटांत असतो म्हणतात. मला विचाराल तर उरलेला अर्धा वायरमनच्या हातात असतो.

बोटांवरून आठवलं. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी, ब्लॅक सबाथवाला, पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा असताना मशीनखाली त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यानं टोप्या केल्या, हलक्या तारा मिळेनात म्हणून बँजोच्या तारा चढवल्या आणि पुढं त्या ढिल्या करून खालच्या सुरात वाजवल्या. जड संगीताचा पाया तिथं पडला. मागावर बोट गमावलेला माणूस या मंडपातही सापडेल. त्याला ही गोष्ट सांगा, तो हसणार नाही.

साडेदहाला दुकानं मिटतात, घरातले दिवे मालवतात. मीटरचा काटा चढत चढत २३०ला टेकतो, बल्ब पांढरेफेक होतात, लोक टाळ्या वाजवतात. आणि तुमचा आवाज गेला! पुन्हा तेच ताठ, धुतलेलं वाजणं. ‘वन्स मोअर’ ओरडताहेत, पण आता कितीही वाजवलंत तरी मघाचं येणार नाही. मिस्त्री मात्र खूश. “अब आया ना सही आवाज!”

चला, परत जाऊ. गिटार ऑर्केस्ट्रावाल्यांची त्यांना द्या.

एक काम मात्र नक्की करा. तुमच्या आजोळी, गावच्या देवळात, जुन्या मंडळाच्या माळ्यावर असा एखादा राखाडी लोखंडी अ‍ॅम्प्लिफायर पडलेला असेल, तर भंगारात किलोच्या भावानं देऊ नका. पण सणासुदीच्या उत्साहात थेट प्लगमध्येही खुपसू नका. वर्षानुवर्षं बंद असलेले कपॅसिटर फुटतात. आधी व्हॉल्व्हचं काम येणाऱ्या कारागिराकडं न्या, कपॅसिटर बदलून घ्या, अर्थिंग तपासून घ्या, आणि पहिल्यांदा चालू करताना डिमरस्टॅटवरून हळूहळू व्होल्टेज चढवायला सांगा. १७०ला काटा आला की त्याला म्हणा, जरा थांब. आणि गिटार लावून बघा.