एका लेबलाची 314 मिनिटं

14 मार्च 2023 रोजी रेडिट हे संकेतस्थळ 314 मिनिटं बंद पडलं. सॅन फ्रान्सिस्कोत मंगळवारची दुपार होती. इकडे मुळशी तालुक्यात, हिंजवडीच्या आयटी पार्कात, मध्यरात्र उलटून बुधवार लागला होता. परदेशी कंपन्यांचे क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणाऱ्या यंत्रांचे संच, हिंजवडीतून रात्रपाळीत सांभाळले जातात. म्हणून त्या रात्रीच्या वेळा इथे भारतीय घड्याळाप्रमाणे दिल्या आहेत.

काही वर्षं आधी. रेडिटचा एक जुना क्लस्टर, हाताने उभारलेला. त्यातले नोड (यंत्रं) इतके वाढले की प्रत्येकाने प्रत्येकाला नेटवर्कचे मार्ग सांगणं परवडेना. 100 नोडना आपापसात 4,950 जोडण्या लागतात, 1,000 नोडना 4,99,500. म्हणून कॅलिको या नेटवर्क प्रणालीत मोजके नोड 'रूट रिफ्लेक्टर' म्हणून नेमले गेले. बाकीच्यांनी मार्ग त्यांच्याकडूनच घ्यायचे. हे मोजके नोड ओळखायचे कसे? ज्यांच्यावर 'मास्टर' हे लेबल आहे, ते. ही मांडणी थेट क्लस्टरमध्ये लिहिली गेली. कोडच्या भांडारात तिची नोंद नव्हती.

8 डिसेंबर 2020. क्लस्टर चालवणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीची 1.20 आवृत्ती आली. क्लस्टरचा कारभार पाहणाऱ्या नोडवर तोवर 'मास्टर' हे लेबल लागत असे. या आवृत्तीपासून शेजारी 'कंट्रोल-प्लेन' हे नवं लेबलही लागू लागलं. जुनं लेबल पुढे काढलं जाईल, अशी सूचना बदलांच्या टिपणात होती. दोन्ही लेबलं एकाच नोडवर असल्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

7 डिसेंबर 2021. आवृत्ती 1.23. दोन्ही लेबलं अजून जागेवर.

3 मे 2022. आवृत्ती 1.24. या आवृत्तीची चर्चा झाली ती डॉकरला जोडणारा दुवा, डॉकरशिम, काढून टाकला म्हणून. जगभरचे इंजिनिअर त्याच्याच तयारीला लागले होते. 'मास्टर' लेबल यापुढे लागणार नाही, आणि अपग्रेड होताना आधी लावलेलंही काढलं जाईल, ही ओळ त्याच टिपणात होती. ती लपवलेली नव्हती. पण ती वाचणाऱ्याला आपल्या क्लस्टरमध्ये त्या लेबलावर काय टांगलेलं आहे हे ठाऊक असायला हवं होतं, आणि ते चालू क्लस्टरबाहेर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

28 फेब्रुवारी 2023. आवृत्ती 1.23 चा आधार संपला. यापुढे तिला सुरक्षा दुरुस्त्या मिळणार नव्हत्या. आता अपग्रेड टाळणंही धोक्याचं होतं.

मार्च 2023. याच क्लस्टरचं आधीचं एक अपग्रेड थोडं बिघडलं होतं. रेडिटच्या चमूने त्याची अंतर्गत चिकित्सा नुकतीच पूर्ण केली होती. कारण सापडलं होतं, दूरही केलं होतं. पुढच्या अपग्रेडला हरकत उरली नव्हती.

15 मार्च, रात्री साडेबाराच्या सुमारास. 1.23 वरून 1.24 कडे जाणारं अपग्रेड सुरू झालं.

पुढची काही मिनिटं. कारभारी नोडवरचं 'मास्टर' लेबल गेलं. यंत्रं तीच, त्यांचं कामही तेच. 'कंट्रोल-प्लेन' लेबल त्यांच्यावर होतंच. पण रूट रिफ्लेक्टर कोण, या प्रश्नाला आता कॅलिकोकडे उत्तर नव्हतं. नोडना एकमेकांचे मार्ग मिळेनासे झाले आणि साइट बंद पडली. 314 मिनिटांची मोजणी इथून सुरू झाली.

इथे थोडं थांबायला हवं, कारण लेबल जाण्याचा परिणाम सगळीकडे सारखा होत नाही. कुबरनेटीसचा शेड्यूलर लेबल पाहतो ते पॉड (चालवायच्या कामाचं एकक) नोडवर बसवताना, एकदाच. पॉड चालू झाल्यावर लेबल गेलं तरी तो पॉड सहसा चालत राहतो.

'नोड फीचर डिस्कव्हरी' हे साधन वापरणाऱ्यांना याचा अनुभव येतो. त्याचा एक भाग प्रत्येक नोडवर बसतो. प्रोसेसरला कोणत्या सूचना कळतात, कर्नल कोणता, पीसीआय स्लॉटमध्ये कोणतं कार्ड आहे, हे तो यंत्रालाच विचारतो. मूळ मांडणीत ही तपासणी दर 60 सेकंदांनी होते आणि त्यानुसार लेबलं लागतात किंवा उतरतात. एव्हीएक्स-512 चं लेबल एखाद्या नोडवरून उतरलं, तर त्या लेबलावर बसलेला पॉड सहसा लगेच हलत नाही. बिघाड दिसतो तो पॉड पुन्हा नव्याने बसवला जाताना, कदाचित आठवड्यांनी.

कॅलिकोची निवड जिवंत असते. लेबल बदललं की ती नव्याने ठरते. त्या रात्री हाच फरक होता. शेड्यूलरच्या हिशेबात काही बिनसलेलं नव्हतं.

रात्री एकच्या पुढे. सगळा चमू कामाला लागला. लक्षणं बरीच होती, पण एका कारणाकडे बोट दाखवणारं एकही नव्हतं. नेटवर्कच गेल्यामुळे त्यावर चालणारं सगळंच आजारी दिसत होतं. 'मास्टर' लेबल नाही, अशी चूक कुठल्याही नोंदीत उमटत नव्हती. निवडीच्या अटीत एकही नोड न बसणं ही संगणकाच्या लेखी चूक नसते. शून्य हेही वैध उत्तर असतं.

त्यानंतर. मागे फिरायचं की पुढे शोधत राहायचं? कुबरनेटीसमध्ये तेव्हा अपग्रेड उलटवण्याची अधिकृत सोय नव्हती. अपग्रेड होताना साठवलेल्या माहितीचा साचाच बदलतो. मागे जायचं तर सगळा कारभार थांबवून बॅकअपमधून पुन्हा उभारायचा. असा निर्णय सहज घेतला जात नाही. तो घेतला गेला.

रनबुक, म्हणजे अशा वेळच्या कृतींचं टिपण, उघडलं. बॅकअपवरून क्लस्टर उभा करण्याची कृती त्यात होती, पण ती लिहिली होती कालबाह्य आवृत्तीसाठी. त्यातल्या आज्ञा डॉकरच्या होत्या. क्लस्टर त्यानंतर क्रायो या रनटाइमवर गेलेला होता. मग प्रत्येक पायरी जागेवरच नव्याने बेतावी लागली. कुठे प्रमाणपत्रावरचं नाव यंत्राच्या नावाशी जुळेना. ज्यांनी रात्री अडीच वाजता ब्रिज कॉलवर बसून जुनं रनबुक वाचलं आहे, त्यांना या वेळेची लांबी वेगळी सांगायला नको.

पहाट. बॅकअप चढला. क्लस्टरची जुनी अवस्था परत आली, तिच्यासोबत 'मास्टर' लेबलही आलं. रूट रिफ्लेक्टर पुन्हा सापडले, मार्ग जुळले.

पहाटे सहाच्या अलीकडे. मिनिट 314. साइट परतली. अमेरिकी पद्धतीने 14 मार्च ही तारीख 3/14 अशी लिहितात, म्हणून तो 3.14 या किमतीच्या पाय या गणिती संख्येचा दिवस मानला जातो. पायच्या दिवशी 314 मिनिटं, हा निव्वळ योगायोग.

साइट परतल्यानंतर. उपाय कारणाच्या आधी सापडला होता. कारण शोधताना रूट रिफ्लेक्टरची ती हाताने लिहिलेली मांडणी समोर आली. तिच्या दोन्ही निवड-अटी 'मास्टर' लेबलाकडे पाहत होत्या. रेडिटच्या अभियंत्यांनी हे सगळं, जुन्या रनबुकसकट, जाहीर लिहिलं. त्यांचे आभार मानले पाहिजेत, कारण असं लिहिणाऱ्या कंपन्या थोड्या आहेत.

नोडवर कोणती लेबलं आहेत हे एका आज्ञेत दिसतं. ती कोण वाचतं हे सांगणारी आज्ञा कुबरनेटीसमध्ये नाही. ते हातानेच शोधावं लागतं. डेमनसेट आणि डिप्लॉयमेंटमधले नोडसिलेक्टर, ॲफिनिटीचे नियम आणि देखरेखीच्या अलर्टच्या अटी पाहाव्या लागतात. कॅलिकोच्या बीजीपी पीअरच्या नोंदीही उघडाव्या लागतात. हा शोध भांडारातल्या कोडमध्ये घेऊन भागत नाही, तो चालू क्लस्टरमध्ये घ्यावा लागतो. रेडिटच्या क्लस्टरमध्ये ती नोंद तिथेच होती, आणि 3 मे 2022 पासून तिच्याकडे पाहायला दहा महिने अकरा दिवस मिळाले होते.