खारबंदिस्ती आणि चिखलातला कर्ब

मंडळी, राहुरीत उभं राहून खारफुटीवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. समुद्र इथून कुठल्या कुठे. पण माती परीक्षणाचा अहवाल या तालुक्यात कुणाला नवा नाही, आणि त्यातला 'सेंद्रिय कर्ब' हा रकानाही. आज मी त्याच रकान्याचा इतिहास सांगणार आहे, फक्त माती किनाऱ्यावरची.

कोकणात बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, आतली जमीन पावसाच्या पाण्यानं धुऊ द्यायची आणि भात घ्यायचा, ही खारबंदिस्ती जुनीच. १९४८ साली मुंबई सरकारनं त्यासाठी कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्रानं नवा. भात लावणाऱ्याला मी दोष देणार नाही, पोटाचा प्रश्न होता. मुंबईत मात्र भराव पडला तो शहर वाढवायला. दोन्हीकडे हिशेब एकच: जमीन किती मिळाली. गेलं काय, याचा रकानाच नव्हता.

गेलं ते मुख्यतः झाडांखालून. तिवर, कांदळ, चिपी यांच्या मुळांतला चिखल कायम ओला, त्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. त्यामुळे पालापाचोळा, मुळं पुरती कुजत नाहीत, शतकानुशतकं साठत राहतात. बांध घातला, चिखल सुकला, हवा लागली, की तो साठा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. झाड तोडणं एका दिवसाचं. हे पुढे कित्येक वर्षं चालतं.

डोनाटो आणि सहकाऱ्यांनी २०११ साली हिंदी-प्रशांत महासागर पट्ट्यातली कांदळवनं मोजली. हेक्टरी सरासरी १,०२३ टन कर्ब, बहुतेक मातीत! उष्ण कटिबंधातल्या जंगलांत कांदळवनांचा वाटा क्षेत्रानं जेमतेम ०.७ टक्के, पण जंगलतोडीतून जगभर होणाऱ्या उत्सर्जनात तो १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, असा त्यांचा अंदाज.

मुंबई उच्च न्यायालयानं राज्यभर खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली ती त्याआधीच, ऑक्टोबर २००५ मध्ये. २०१२ साली वनविभागात कांदळवन कक्ष आला. म्हणजे १९४८ च्या कायद्यानं जो चिखल सुकवायचा ठरवला, तसाच चिखल आता ओला ठेवणं हे सरकारचं काम झालं.

आणि आपला संबंध? मुळेचं पाणी प्रवरेत जातं, प्रवरासंगमाला गोदावरीत, आणि शेवटी आंध्रात काकीनाड्याजवळ कोरिंगाच्या कांदळवनाकडे. ते वन उभं आहे गोदावरीच्या गाळावर. त्यातला थोडा गाळ आपलाही, आणि तो आता मुळा धरणात अडतो.