१२३४५६७८९८७६५४३२१

नऊ एके लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग. सतरा अंकी. ‘लीलावती’तल्या स्थाननामांप्रमाणे तिचा पहिला अंक ‘मध्य’ स्थानी येतो. परार्धाला एकच घर कमी. डावीकडून वाचली काय अन् उजवीकडून, संख्या तीच.

हा डौल येतो साध्या उभ्या गुणाकारातून. नऊ एक्यांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकवलेली. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एक एका, दुसऱ्यात दोन, मधल्यात नऊ आणि पुढे तशीच उतरण. कुठेही बेरीज नवाच्या पुढे जात नाही, म्हणून हातचा नाही. दहा एक्यांचा वर्ग करायला घेतला की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा येतो आणि सगळी घडी मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१.

अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिले. जन्म डहाणूचा, महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. पुढे देवळालीला शाळामास्तरकी करत, १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत आणि नंतरही, ते संख्यांमध्येच रमले. डेम्लो म्हणजे तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवरचे स्थानक, आजचे डोंबिवली. कल्पना सुचली ती तिथे.

डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात. डावा आणि उजवा भाग मिळवले की मधल्या भागातलाच अंक पुन्हा पुन्हा येतो. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५, आणि मध्ये पाचच. आपल्या संख्येत १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९, मध्ये ९.

तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले, ही त्यातलीच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ हा १२३४५६७९ चा वर्ग आहे, म्हणजे आठ गाळून लिहिलेल्या त्या ओळखीच्या संख्येचा. तिला ९ ने गुणले की नऊ एके, २७ ने गुणले की नऊ तिये.

हे सगळे दशमान लेखनाचे खेळ आहेत, हा आक्षेप खराच. बारा पायाच्या पद्धतीत हातचा अकरा एक्यांपर्यंत येत नाही. कापरेकरांच्या कामाकडे इथल्या अनेक गणितज्ञांनी क्षुल्लक म्हणून पाहिले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर जगभर नाव झाले. पण ८१ ने भाग जाणे हा गुण लेखनाचा नव्हे, संख्येचाच आहे: १११११११११ ला ९ ने भाग जातो, म्हणून वर्गाला ८१ ने.

८१ ने भागण्याऐवजी गुणले, तर ९९९९९९९९९ चा वर्ग हाती येतो: ९९९९९९९९८००००००००१. त्याचे नऊ-नऊ अंकांचे दोन तुकडे करून मिळवले की पुन्हा ९९९९९९९९९. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० अधिक २५ पुन्हा ४५, हा त्याच जातीचा छोटा नमुना; या जातीला आज कापरेकर संख्या म्हणतात.