सुरकुती आणि सुई

सन १७९१ च्या मार्च महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिसने बंगळूरचा किल्ला जिंकला आणि टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेला त्या शहराचा तळ लाभला. हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजाही पुढे या मोहिमेत येऊन मिळाल्या. त्या काळी युद्धे तोफांनी जिंकली जात. पण तोफा ओढणारे बैल मेले की त्याच तोफांचे ओझे होई. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कॉर्नवॉलिसला आपल्या जड तोफा स्वतःच निकामी करून श्रीरंगपट्टणाहून बंगळूरकडे परतावे लागले, त्याचे एक मोठे कारण बैलांचा संहार हेच होते. अशा बैलांमागे चालणारा एक मराठी शेतकरी इंग्रजी फौजेच्या चाकरीत होता. इंग्रजांनी त्याचे नाव कावसजी असे नोंदले आहे. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला, असे त्याची हकीकत सांगणाऱ्या पत्रात म्हटले आहे. वर्षाहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. पुढे पुण्याजवळ, विटा करणाऱ्यांच्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले.

हे पत्र लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापले गेले आणि युरोपातील शल्यविद्येला त्याने नवी दिशा दिली. कारागिराची रीत त्यात बारकाईने वर्णिली आहे. प्रथम त्याने मेणाचा एक पातळ पापुद्रा घेऊन नाकाच्या थोटावर बसविला व त्याला नाकाचा घाट दिला. मग तो पापुद्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेषा आखली. तेवढी कातडी कपाळावरून सोडविली. परंतु दोन्ही डोळ्यांच्या मध्ये तिचा एक अरुंद दुवा तसाच जोडलेला राखला. त्या दुव्यातून रक्त वाहत राहिले, म्हणून खाली वळवून बसविलेली कातडी जिवंत राहिली. सांधा धरून ठेवण्यासाठी कपड्याच्या पट्ट्यांवर ओला कात लावला होता. सुमारे पंचवीस दिवसांनी, नवे नाक रुजल्यावर, तो दुवा कापण्यात आला.

या हकीकतीतील मेणाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. पुण्याच्या त्या कारागिराने मेण मापापुरते वापरले आणि काम होताच बाजूला ठेवले. शरीरात जे घातले, ते त्याच शरीराचे होते. पुढे शंभर वर्षांनी युरोपातील विद्वान डॉक्टरांनी मेणासारखाच पदार्थ थेट चेहऱ्याच्या आत घातला, आणि त्याची किंमत पुष्कळांना आयुष्यभर मोजावी लागली. चेहऱ्यावरील सुरकुत्या सुईने घालविण्याचा जो इतिहास आहे, त्याचा आरंभ तेथे होतो.

आज त्याच बंगळूरच्या जयनगरात, इंदिरानगरात वा कोरमंगलात त्वचारोगतज्ज्ञांकडे येणाऱ्या माणसाचे नाक शाबूत असते. दिवसाचा बराच भाग संगणकाच्या पडद्यावर स्वतःचाच चेहरा पाहण्यात गेल्यामुळे त्याला कपाळावरची आठी दिसू लागलेली असते. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घळही दिसत असते. त्याच्यापुढे मुख्यतः दोन सुया असतात. एकीत स्नायूला सैल करणारे विष असते. दुसरीत कातडीखालची पोकळी भरून काढणारा रस असतो. पहिलीला लोक एका प्रसिद्ध उत्पादनाच्या नावावरून सरसकट ‘बोटॉक्स’ म्हणतात आणि दुसरीला ‘फिलर’. यांतले कोणते घ्यावे, असा प्रश्न पडला की बहुतेकांच्या तोंडी एकच चौकशी येते: यांतले जास्त काय टिकते? चौकशी स्वाभाविक आहे. पैसे मोजायचे, सुईची वेदना सोसायची, तर फळ दीर्घकाळ मिळावे असे कोणाला वाटणार नाही? परंतु गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास या टिकाऊपणाविषयीच सावध करतो.

सन १८९९ मध्ये व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी या शल्यचिकित्सकाने, क्षयामुळे वृषण गमावलेल्या एका तरुणाला पॅराफिनवर्गीय पदार्थाचे इंजेक्शन देऊन नैसर्गिक आकार परत दिला. ही युक्ती वाऱ्यासारखी पसरली. पॅराफिन स्वस्त होते. तापविले की पातळ होई व निवले की घट्ट होई. शिवाय ते कुजत नसे. बसकी नाके, खोल गेलेले गाल, सुरकुतलेली कपाळे, सर्वत्र ते भरले जाऊ लागले. आरशातले पहिले दर्शन मोहक असे. तथापि शरीर परक्या वस्तूला विसरत नाही. काही महिन्यांनी, काहींच्या बाबतीत काही वर्षांनी, त्या मेणाभोवती कठीण गाठी धरल्या, कातडी लाल होऊन फाटली, मेण मूळ जागेवरून घसरले. पुढे मार्लबरोची डचेस झालेली ग्लॅडिस डीकन ही आपल्या काळची नामांकित सुंदरी. तिने नाकाच्या दांडीत भरून घेतलेले मेण हनुवटीपर्यंत उतरले, अशी तिची कथा सांगतात. त्याहून भयंकर गोष्ट अशी की, नाकात पॅराफिन टोचल्यानंतर दृष्टी गेल्याची उदाहरणे विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागली. टोचलेले मेण परत काढण्याचा मार्ग मात्र नव्हता. काढायचे तर त्याभोवतीचे मांसही कापावे लागे.

एवढ्यावर शहाणपण यावयास हवे होते. पण पदार्थाचे नाव बदलले की मोह नव्याने जागा होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर द्रवरूप सिलिकोन पुढे आले. प्रयोगशाळेत जन्मलेले, निष्क्रिय, कधीही न विरघळणारे असे त्याचे गुण गाइले गेले. त्याच्याही गाठी झाल्या, तेही जागा सोडून वाहू लागले. सुरकुत्या घालविण्यासाठी या द्रवरूप सिलिकोनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कधीही मान्यता दिलेली नाही. ‘कायमचे’ हा शब्द जाहिरातीत गुण म्हणून येत असे. रोग्याच्या कागदपत्रांत तोच दोष म्हणून नोंदला गेला.

यानंतर विचाराला कलाटणी मिळाली. १९८१ मध्ये गाईच्या कातडीतून काढलेल्या कोलॅजनला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते तीन-चार महिन्यांत विरून जाई. काहींना त्याचे वावडे असे, म्हणून आधी हातावर थोडे टोचून काही आठवडे वाट पाहावी लागे. ही वाट पाहण्याची रीत त्या काळी अनेकांना जाचक वाटली. पण शरीराला आधी विचारून मग पुढे जाण्याचा शिष्टाचार तिने वैद्यकाला शिकविला.

आजच्या बहुतेक फिलरांचा पाया हायलुरॉनिक आम्ल हा आहे. १९३४ मध्ये कार्ल मायर व जॉन पामर या शास्त्रज्ञांनी ते बैलाच्या डोळ्यातील काचेसारख्या द्रवातून प्रथम वेगळे केले. हे द्रव्य माणसाच्या कातडीत, सांध्यांत व डोळ्यांत मुळातच असते आणि आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते. आता ते जंतूंच्या किण्वनातून तयार करतात व लवकर विरू नये म्हणून त्याचे धागे रासायनिक रीतीने एकमेकांत गुंफतात. डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेने अशा पहिल्या फिलरला सुरकुत्यांसाठी मान्यता दिली. त्याचा परिणाम साधारणतः सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत टिकतो. त्याचे अवशेष काहींच्या चेहऱ्यात याहूनही पुष्कळ काळ राहतात, असे अलीकडच्या तपासण्यांत दिसून आले आहे. त्याचा खरा मोठेपणा मात्र निराळा आहे. ‘हायलुरॉनिडेज’ नावाचे विकर टोचले असता हा रस विरघळविता येतो. मेणाच्या काळी जे अशक्य होते, ते येथे शक्य झाले: चूक परत घेता येऊ लागली. कॅल्शियमचे वा पॉलिलॅक्टिक आम्लाचे कण असलेली जी इतर भरणद्रव्ये आहेत, त्यांना हा उतारा लागू पडत नाही.

दुसऱ्या सुईतील विषाचा इतिहास याहून अद्‌भुत आहे. जर्मनीतील व्युर्टेंबेर्ग प्रांतात युस्टिनुस केर्नर नावाचा एक वैद्य होता. तो कवीही होता. खराब झालेले मांसाचे सॉसेज खाऊन माणसे दगावत, त्यांची लक्षणे त्याने टिपली आणि १८२२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. हे विष नसांचा संदेश अडवते, म्हणून अत्यल्प मात्रेत ते औषध ठरू शकेल, हे त्याने तेव्हाच ताडले होते. १८९५ मध्ये बेल्जियममधील एलझेल या गावी अंत्यविधीला आलेल्या वाजंत्र्यांनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले व त्यांतील तिघे मरण पावले. त्या प्रकरणात एमिल व्हान एर्मेंगेम याने विष निर्माण करणारा जंतू शोधून काढला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट या नेत्रतज्ज्ञाने तिरळेपणासाठी या विषाचा उपयोग केला आणि १९८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. कॅनडातील व्हँकुव्हर येथे जीन कॅरदर्स या नेत्रतज्ज्ञ बाई पापण्या आपोआप मिटण्याच्या विकारावर हेच औषध देत असता, भुवयांमधील आठ्याही नाहीशा होतात, हे ध्यानात आले. त्यांनी व त्यांचे त्वचारोगतज्ज्ञ पती ॲलिस्टर यांनी १९९२ मध्ये याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. एप्रिल २००२ मध्ये भुवयांमधील आठ्यांसाठी अमेरिकेने या विषाला मान्यता दिली.

हे विष नसेच्या टोकाशी स्नायूला जाणारा रासायनिक निरोप अडवते. तीन-चार दिवसांत स्नायू सैलावू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण परिणाम दिसतो आणि तीन-चार महिन्यांनी नस पुन्हा बोलू लागते. याला फिलरासारखा उतारा नाही. पापणी खाली उतरली तर काळ हेच औषध. पण तो काळ मोजलेला असतो. बंगळूरच्याच निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत मान एकीकडे पिळवटणाऱ्या किंवा लिहिताना बोटे आखडणाऱ्या रोग्यांना हेच औषध दिलासा देते. त्या रोग्याला चार महिन्यांनी पुन्हा यावे लागते, ही अडचण खरी; परंतु मात्रा चुकली तर ती सुधारण्याची संधीही त्याच अडचणीतून मिळते.

तेव्हा निवड कशी करावी? पहिली कसोटी आरशापाशीच होते. भुवया आवळल्यावर, कपाळ उचलल्यावर किंवा हसल्यावर डोळ्यांच्या कडेला जी रेषा उमटते व चेहरा शांत होताच मावळते, ती स्नायूची रेषा. तिच्यावर विषाची अल्प मात्रा काम करते. चेहरा स्वस्थ असतानाही जी घळ राहते, गालाखालची चरबी व हाडाचा आधार कमी झाल्यामुळे जी पडते, तिथे भरणद्रव्याचा विचार होतो. ही दोन्ही एकमेकांची प्रतिस्पर्धी नसून निराळ्या कामांची हत्यारे आहेत. करवतीने ठोकता येत नाही आणि हातोडीने कापता येत नाही.

दुसरी कसोटी जागेची. भुवयांच्या मधला भाग व नाक ही भरणद्रव्यासाठी अत्यंत धोक्याची ठिकाणे आहेत. तेथील बारीक रोहिण्यांचा संबंध डोळ्याच्या रोहिणीशी आहे; रस चुकून त्यांत शिरला तर कातडी मरते, क्वचित दृष्टीही कायमची जाते. आणि येथे इतिहास मोठा विलक्षण योग दाखवितो. पुण्याच्या कारागिराने दोन डोळ्यांमध्ये जो कातडीचा दुवा जिवंत राखला होता, त्याला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या त्याच भागातल्या. ज्या वाटेने कावसजीचे नाक जगले, तीच वाट अजाण हाताने बुजली तर माणूस आंधळा होतो. त्या कारागिराला रोहिणीचे शास्त्रीय नाव ठाऊक नसेल. पण तेथून जीवन वाहते, हे त्याला परंपरेने ठाऊक होते.

म्हणून तिसरी कसोटी हाताची. सुई धरणारी व्यक्ती प्रशिक्षित डॉक्टर आहे काय, २००७ च्या कर्नाटकातील कायद्याप्रमाणे त्या दवाखान्याची नोंदणी आहे काय, फिलर द्यायचा असेल तर विरघळविणारे विकर त्याच खोलीत तयार आहे काय, हे विचारण्यात संकोच कसला? भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या कृतिगटाने भरणद्रव्यांविषयी २००८ मध्येच मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली आहेत. कुपीवरचे नाव व तुकडीचा क्रमांक रोग्याच्या कागदावर उतरविला गेला पाहिजे. कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या विषाची एकके सारखी नसतात, आणि पाच वर्षांनी गाठ आली तर आत काय आहे हे त्या कागदावाचून कोणी सांगू शकणार नाही. गर्भवती स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता आणि स्नायूंच्या दुर्बलतेचे रोगी यांनी तर या वाटेस जाऊच नये.

चौथी निवडही आहे, ती म्हणजे काही न करणे. चेहऱ्याच्या अकाली सुरकुत्यांचे सर्वांत मोठे कारण ऊन हे आहे. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच. तेथील हवा थंड म्हणून ऊन सौम्य वाटते, पण उंचीबरोबर त्यातील अतिनील किरण वाढतात. छत्री, टोपी व उन्हापासून रक्षण करणारा लेप यांचे काम कोणत्याही सुईच्या आधी सुरू होते.

एवढे करूनही ज्याला सुई घ्यावीशी वाटेल त्याला हसण्याचे कारण नाही. आपला चेहरा आपल्या मनासारखा असावा ही इच्छा कावसजीलाही होती. फरक गरजेच्या तीव्रतेचा. मात्र दवाखान्यात पाऊल टाकताना ‘किती दिवस टिकेल?’ या प्रश्नाच्या आधी ‘बिघडले तर परत कसे घ्याल?’ हा प्रश्न विचारावा. पॅराफिनच्या काळी त्याला कोणाजवळ उत्तर नव्हते. आज उत्तर आहे. आणि चार महिन्यांनी आठी पुन्हा कपाळावर आली, तर तिच्याबरोबर पुन्हा ठरविण्याचा अधिकारही परत येतो.