चार रमाबाई

लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे, आणि पुष्कळ घरांतून ती अजूनही पाळली जाते. ताटात तांदूळ पसरून त्यांवर अंगठीने नवे नाव लिहायचे, की कालपर्यंतची यमुना आजपासून रमा होते. ‘रमा’ म्हणजे लक्ष्मी. सून ही घरची लक्ष्मी, या भावनेने महाराष्ट्रात हे नाव पिढ्यान् पिढ्या आवडीने ठेवले गेले. त्यामुळे इतिहासाविषयी बोलताना कोणी नुसते ‘रमाबाई’ म्हटले, तर ‘कोणत्या?’ असे विचारावेच लागते.

पेशव्यांच्या रमाबाई, पंडिता रमाबाई, न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाई आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या रमाबाई, अशी चार नावे चटकन ओठांवर येतात. पाहा, ही चार नावे घेताना तिघींची ओळख यजमानांच्या नावाने करून दिली गेली. चौथीची ओळख तेवढी तिच्या विद्येने झाली. या चौघींची चरित्रे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, म्हणजे आपल्या एका आवडत्या समजाची परीक्षा होते. तो समज असा की, स्त्रीची स्थिती काळाबरोबर जिन्याच्या पायऱ्या चढावे तशी वर वर जात राहिली.

पहिल्या रमाबाई थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी. पानिपतच्या आघातानंतर मराठ्यांचे राज्य सावरणारा हा कर्ता पेशवा राजयक्ष्म्याने खंगत जाऊन १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे वारला. त्याचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. रमाबाई त्याच्याबरोबर सती गेल्या. थेऊरला चिंतामणीच्या दर्शनास जाणाऱ्या पुष्कळ भगिनी नदीकाठी त्यांच्या स्मारकापुढेही हात जोडून येतात. पुढे १९६२ साली रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि रमा-माधवाची जोडी घरोघरी पोचली. तेव्हापासून आपल्या डोळ्यांपुढे येते ती बहुतेक कादंबरीतली रमा. तिचे बोलणे, तिचे रुसणे, तिचे धैर्य आपण वाचतो; परंतु ते शब्द कादंबरीकाराचे आहेत. इतिहासाने त्या बाईंचा मृत्यू तेवढा ठळक अक्षरांत लिहून ठेवला. सतीची चाल इंग्रज सरकारने कायद्याने बंद करण्यास आरंभ केला तो १८२९ साली, म्हणजे पुढे सत्तावन्न वर्षांनी.

दुसऱ्या रमाबाईंच्या चरित्राचा धागाही पेशव्यांच्याच वाड्यातून निघतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अनंतशास्त्री डोंगरे तरुणपणी पुण्यास ज्या गुरूंपाशी शिकत होते, ते शास्त्रीबुवा दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. स्त्री संस्कृत वाचू शकते हे अनंतशास्त्र्यांनी तेथे पाहिले, आणि आपल्या पत्नीलाही शिकवायचे असे मनाशी ठरवले. नातलगांना ते रुचले नाही. अखेर ते पत्नी लक्ष्मीबाईंना घेऊन गंगामूळच्या रानात जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी तिला शिकवले. त्याच रानात २३ एप्रिल १८५८ रोजी रमा जन्मली. हिला हे नाव माहेरचेच आणि विद्याही माहेरचीच. आईनेच तिला संस्कृत पाठ करवले. पुढे घरची संपत्ती गेली आणि हे कुटुंब पुराणे सांगत, तीर्थे करीत पायी हिंडू लागले. १८७४च्या सुमारास दुष्काळात आईबाप दोघेही गेले. रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास चालत चालत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तिचे संस्कृत ऐकून तेथील विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जात आणि प्रांत दोन्ही ओलांडून, विवाह केला. १८८२च्या फेब्रुवारीत तेही गेले. मागे राहिली ती तेवीस वर्षांची विधवा आणि मनोरमा नावाची तान्ही मुलगी.

त्याच वर्षी पंडिताबाई पुण्यास आल्या, आणि येथे आपल्याला तिसऱ्या रमाबाई भेटतात. या मूळच्या यमुना कुर्लेकर, सांगलीकडील देवराष्ट्र्याच्या. १८७३ साली अकराव्या वर्षी त्यांचे लग्न एकतीस वर्षांच्या महादेव गोविंद रानड्यांशी झाले. रानड्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. ते आता विधवेशी विवाह करतील अशी सुधारकांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले. या गोष्टीबद्दल त्यांना टीका सोसावी लागली. मात्र घरी आलेल्या या मुलीस त्यांनी स्वतः अक्षरे शिकवावयास घेतली, मराठी झाल्यावर इंग्रजीही शिकवले. दिवसा घरातील वडील बायकांचे टोमणे आणि रात्री अभ्यास, असे हे शिक्षण चालले. ज्या घरात एकाच छपराखाली दोन मते नांदतात तेथील सुनेची ओढाताण कशी असते, हे रमाबाईंनी पुढे १९१० साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात इतक्या साधेपणाने सांगितले आहे की, ते पुस्तक आजही हातातून खाली ठेववत नाही.

१८८२ साली पुण्यात या दोन रमाबाई एकत्र आल्या. पंडिताबाईंनी आर्य महिला समाज स्थापला. तेथे जमणाऱ्या बायका थोड्या आणि त्यांची चेष्टा करणाऱ्या फार. पण रानड्यांच्या रमाबाई घरचा रोष पत्करून सभांना जात राहिल्या. आज आपण ज्याला सहजपणे महिला मंडळ म्हणतो, त्याचा एक आरंभ त्या बैठकांत आहे. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना पंडिताबाईंनी मुलींसाठी स्त्रीशिक्षिका हव्यात आणि स्त्रियांना वैद्यकी शिकवावी, अशी मागणी केली. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, ते आपण हुजूरपागा म्हणून ओळखतो. ते काढण्यात न्यायमूर्ती रानड्यांचा पुढाकार होता.

पण दोघींच्या वाटा लवकरच फुटल्या. पंडिताबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुण्यात खळबळ उडाली. जोतीराव फुल्यांसारखा एखादाच त्यांची बाजू घेऊन लिहिणारा निघाला. १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी पंडिताबाई अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःस्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली, मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या बालविधवेशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विवाह केला. त्याच पुढे बाया कर्वे झाल्या. शारदासदनातील मुलींना ख्रिस्ती केले जाते असा आरोप त्याच वर्षी झाला, आणि रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या.

येथे दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात. विश्वासाने मुली पाठवणाऱ्या आईबापांची भीती खोटी नव्हती. पण पंडिताबाईंचे कामही थांबले नाही. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार अशा शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. जिचे आईबाप दुष्काळाने नेले, तीच दुसऱ्या दुष्काळात परक्यांच्या मुलींची आई झाली. पुण्याजवळ केडगावास त्यांनी वसवलेल्या मुक्तिसदनात शेती, विणकाम, छापखाना असे उद्योग बायकाच चालवीत. आंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवले जाई. त्यांची मनोरमा १९२१ साली गेली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. मुक्तिसदन मात्र अजून चालू आहे.

रानड्यांच्या रमाबाईंनी १९०१ साली वैधव्य आल्यावर स्वतःला समाजकार्यास वाहून घेतले. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधरांच्या साह्याने त्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले. तेथून शिक्षिका आणि परिचारिका तयार होऊ लागल्या. कोनाड्यात बसवलेल्या विधवा पगार मिळवू लागल्या. एकीने घर आणि समाज सोडून केले, दुसरीने घरात राहून, समाजाला धरून केले. काम मात्र एकच होते. १९२४ साली त्या वारल्या. सरकारने १९६२ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. पंडिताबाईंच्या तिकिटास १९८९ साल उजाडावे लागले. ज्यांनी धर्म बदलला त्यांना आपण किती उशिरा आपले म्हणतो, हे या सत्तावीस वर्षांच्या अंतरात दिसते.

आता चौथ्या रमाबाई. काळाच्या हिशेबाने या सर्वांत अलीकडच्या. जिना खरोखरच सरळ असता तर सर्वांत वरच्या पायरीवर त्या असायला हव्या होत्या. दापोलीजवळच्या वणंद गावी ७ फेब्रुवारी १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आईबाप लहानपणीच गेले. १९०६ साली मुंबईत भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा व्यवहार आटोपल्यावर, रात्री त्यांचे भीमरावांशी लग्न लागले. तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. पंडिताबाईंनी आयोगापुढे साक्ष दिल्यास तोवर चोवीस वर्षे लोटली होती, हुजूरपागा सुरू होऊन बावीस. फुले दांपत्याने तर १८५२च्या सुमारास अस्पृश्यांच्या मुलांमुलींसाठी पुण्यात शाळा काढल्या होत्या. पण ते पाणी वणंदपर्यंत पोचले नव्हते. पुण्याच्या वाड्यातील सुनेला अभ्यासासाठी टोमणे खावे लागले हे खरे. या मुलीला तर टोमणे खाण्याइतकेही शिक्षण वाट्याला आले नाही.

भीमराव १९१३ साली अमेरिकेस गेले, पुन्हा १९२० साली लंडनला गेले. मागे परळच्या चाळीत रमाबाईंनी संसार रेटला. पाच मुलांपैकी चार गेली. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला. यशवंतराव तेवढे वाचले. २७ मे १९३५ रोजी दादरच्या ‘राजगृहा’त रमाबाई वारल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे सदतीस होते. पंढरपूरला जाण्याची त्यांची इच्छा होती. जेथे आपल्याला देवळाबाहेर उभे राहावे लागते तेथे कशाला जायचे, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते. पुढे १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ त्यांनी ‘रामू’च्या स्मृतीस अर्पण केला आणि तिच्या मनाच्या थोरवीचा व सोसण्याच्या तयारीचा उल्लेख केला. जगातल्या मोठमोठ्या ग्रंथालयांत त्या पानावर हे घरगुती नाव छापलेले आहे. आज महाराष्ट्रातील कितीतरी वस्त्यांना रमाबाईंचे नाव आहे. सभांतून, गाण्यांतून त्यांना ‘रमाई’ म्हणतात. त्यांनी संस्था काढली नाही, पुस्तक लिहिले नाही. पण ज्यांच्या आयाही अशाच राबल्या, त्यांनी त्यांना आपली आई मानले.

असो. चार चरित्रांतून निघते ते एवढेच की, काळ पुढे गेला म्हणून बाई आपोआप पुढे जात नाही. कोणीतरी शिकवावे लागते, आणि ते शिक्षण कोणत्या घरापाशी येऊन थांबले हेही पाहावे लागते. म्हणून कोणतेही स्त्रीचरित्र वाचताना चार प्रश्न विचारावेत. तिचे माहेरचे नाव काय? तिला अक्षर कोणी शिकवले? तिने स्वतःच्या शब्दांत काय मागे ठेवले? आणि ठेवले नसेल, तर तिच्याविषयी आपल्याला सांगितले कोणी?

हे प्रश्न घरापर्यंतही आणता येतील. कोणत्याही महिला मंडळाच्या जुन्या सभासद-वह्या उघडा. पानेच्या पाने यजमानांच्या आद्याक्षरांनी भरलेली आढळतील. भगिनींनो, आपल्यातल्या ज्येष्ठ सभासदांपाशी बसून त्यांची स्वतःची नावे, माहेरची गावे आणि शाळेच्या आठवणी एका वहीत उतरवून घ्यायला फार खर्च येत नाही. वर्धापनदिनाच्या निमित्ताने एवढे काम जरी आपण हाती घेतले, तरी उद्या कोणी ‘कोणत्या रमाबाई?’ असे विचारले असता तिचे उत्तर तिच्याच शब्दांत देता येईल.